डावीकडे मागचं वर्ष

सिल्व्हर मॉलमधून दोन्ही मॉनिटर एकाच दिवशी आले,
एकाच टेम्पोतून, एकसारख्या थर्माकोलात.
लोकेंद्रने वायरी जोडल्या, हात झटकले,
म्हणाला, मॅडम, हे तर जुळे निघाले.
मी म्हटलं, असू देत.

माझं काम म्हणजे
पलासियाच्या तळघरात, एसीच्या गारठ्यात
शाल पांघरून, दिवे मालवून
माणसांच्या आतलं बघत बसायचं.
डाव्या पडद्यावर मागचं वर्ष,
उजव्यावर आजची सकाळ.
मधल्या दोन बोटांच्या फटीत काय घडलं
ते चार ओळींत लिहायचं.

संगणकाला डावं-उजवं कळत नाही.
त्याला दोन तोंडं दिसतात, सारखी,
आणि आतून नंबर विचारला
तर दोघंही सांगतात, शून्य.
कारखान्यात कुणी नाव घातलंच नाही.
आमच्याकडे वाटीवरसुद्धा असायचं,
बर्तन बाजारातल्या थरथरत्या सुईने कोरलेलं
सौ. प्रमिला द. तांबवेकर, तारीख,
आणि जागा उरलीच तर एक फूल.

परवा दुपारी वीज गेली.
जनरेटरने घसा खाकरला,
पडदे विझले, पुन्हा उजळले.
मी पुढची केस लावली :
बाई, वय एकोणसाठ, राहणार देवास.
डावीकडे फुप्फुसात सुपारीएवढी गाठ.
उजवीकडे तुरीच्या दाण्याएवढी.
मी खुर्चीत मागे रेलले.
बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.
औषध लागू पडलंय, अशा अर्थाचं
अर्धं वाक्य टाइपही केलं.

मग कोपऱ्यातली तारीख दिसली,
मुंगीएवढी.
आजची सकाळ डावीकडे जाऊन बसली होती.

अर्धं मिनिट. फार तर पाऊण.
तेवढा वेळ त्या बाई बऱ्या होत होत्या,
आणि वर बाकड्यावर त्यांचा मुलगा
पोह्यांचा तेलकट कागद घडी घालत बसला होता.
त्याला दोन्ही गोष्टी ठाऊक नव्हत्या.

वाक्य पुसलं,
शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत.

सेटिंगमध्ये एक बटण आहे, ‘ओळखा’.
दाबलं की दोघंही छातीवर आकडा घेऊन उभे,
मोठ्ठा एक, मोठ्ठा दोन,
हजेरीला उठलेल्या पोरांसारखे.
पण पुन्हा वीज गेली
की पोरं जागा बदलायला मोकळी.

मी कपाळावरची टिकली काढून
उजव्याच्या चौकटीवर चिकटवली.
लोकेंद्र हसला, म्हणाला,
मॅडम, चौकट कुठे हलते? हलतं ते आतलं.
खरंच की.
मग दोन नंबरच्या पडद्याला आतून लाल रंग दिला,
एकाला राखाडी.
आता सकाळी आल्या आल्या बघते,
लाल आणि टिकली एका बाजूला आहेत ना.
असतील तरच शाल पांघरते.

आईचे दोन डबे होते, एकाच मापाचे,
पोचा आलेला मिठाचा.
तीस वर्षं चुकली नाही,
तरी चहात साखर घालण्याआधी
चिमूटभर जिभेवर ठेवायचीच.
मीसुद्धा आधी तारीख वाचते,
ओठ हलवत. मग चित्र.

काल त्या बाई फिल्म न्यायला स्वतः आल्या.
मुलगा गाडी लावत होता.
माझ्यासमोर उभ्या राहिल्या,
म्हणजे त्यांचं उजवं माझ्या डावीकडे,
पडद्यावर असतं तसंच.
म्हणाल्या, खाली फार गार आहे हो तुमच्याकडे.
मी पाकीट दिलं.
घामाने त्यांची टिकली सरकली होती
जराशी डावीकडे.
कुणाच्या डावीकडे, ते मी
त्या जिना चढून जाईपर्यंत ठरवत राहिले.