हिरवी रेघ

पूर्वी ही बोट बावीस नॉट धावायची.
आता अकरा.
वारा पाठीशी असला तर बारा.
सायमा सरोवराच्या या टोकाला
किराणा, टपाल, गॅसच्या टाक्या घेऊन
नऊ बेटं करते मी रोज,
आणि नवव्या बेटावर आउने म्हातारी
टेबलावरचं घड्याळ पालथं घालून बसते.
मला उशिराचं वाईट वाटू नये म्हणून,
असं मी समजत होते.

इंजिन शहाऐंशी सालचं.
माझ्याहून दोन वर्षांनी थोरलं.

वेइयो आला. धक्क्यावर उकिडवा बसला.
वीस मिनिटं एक शब्द नाही.
मग बोट दाखवलं टाकीच्या झाकणाकडे:
हवेचा स्क्रू घट्ट बंद.
पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा
उपाशी पोटासारखा खपाटीला गेलेला.
स्क्रू सैल केला, टाकीनं सुस्कारा सोडला.
तेरा नॉट.
मी टाळ्या वाजवल्या.
त्यानं माझ्याकडे बघितलं,
आणि पुन्हा इंजिनकडे.

तीन प्लग काढून फळीवर मांडले.
वरचा तपकिरी. खालचा तपकिरी.
मधला ओला, काळाकुट्ट;
सरपण ढीगभर, पण काडी कुणी लावलीच नव्हती.
त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेली कॉइल काढली,
कुठल्याशा भंगारातल्या इंजिनाची.
कोटाच्या त्या खिशात आणखी काय काय आहे
हे त्याच्या बायकोलाही माहीत नसावं.

आता इंजिन काय कडाडलं!
काटा पाच हजारांच्या पुढे,
पाइनच्या शेंड्यांवरचे कावळे उडाले,
समोरच्या बेटावरचा कुत्रा भुंकू लागला.
वेग : चौदा.

मग मी अंगण वाकडं म्हणायला लागले.
तळाला शेवाळ असेल
(काल सकाळीच खरवडलं होतं).
उत्तरेचा वारा असेल
(पान हलत नव्हतं).
उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणावं,
तर इथं चाळीस मीटर खोल.
खळखळाट आमचाच.

वेइयोनं नात बोलावली.
वेन्ला, वय नऊ, नखं हिरवी.
"तुझी बाटली दे."
"का?"
"दे."
"मग रेघ मी ओढणार."

पंख्याचा मधला पितळी तुकडा,
तिथून पात्यांच्या गाभ्यापर्यंत
तिनं जीभ बाहेर काढून
एक सरळ हिरवी रेघ ओढली.
फुंकर घातली. वाळू दिली.
आम्ही लाल खुंटापर्यंत पूर्ण जोरात गेलो
आणि परत आलो.

इंजिन तिरकं उचललं.
पाणी निथळलं.
रेघेचे दोन तुकडे झाले होते:
एक पितळेवर, होता तिथंच,
दुसरा पात्यांसोबत वीतभर मागे राहिलेला.
"दांडा फिरतोय," वेइयो म्हणाला,
"पाती फिरत नाहीत. मधलं रबर सुटलंय."
दिवसभरातलं त्याचं सगळ्यात लांब भाषण.

मी किती वेळ बघत राहिले त्या दोन तुकड्यांकडे.
केव्हापासून असेल हे?
मी जोर लावत होते,
पेट्रोल जळत होतं, हात थरथरत होता मुठीवर,
आणि पाण्याला त्याची अर्धीच बातमी पोचत होती.
वेन्लाला मात्र एवढंच खटकलं
की तिची रेघ मोडली.

नवा पंखा एकशे ऐंशी युरो.
साडेवीस नॉट.
उरलेला दीड कुठं गेला, मी विचारलं.
वेइयोनं आधी बोटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि हात पुसत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नवव्या बेटावर
अर्धा तास आधीच पोचले.
आउने एप्रनमध्येच दारात आली, रागावलेली:
"एवढ्या लवकर? कॉफी व्हायचीय अजून!"
मी खोकी उतरवली, ओट्याशी ठेवली,
खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

टेबलावर घड्याळ
आजही पालथंच होतं.