इंजिन

वावाउच्या चर्चमध्ये देणग्यांचे आकडे मोठ्याने वाचतात.
आमचा तीन हजार पाआंगा.
बँड वाजला, तसा सेमिसी उभा राहिला
कमरेची चटई सारखी करत,
दुकानाच्या पाटीसारखा ताठ.

मंगळवारी पाळकांची होडी
पलीकडच्या बेटावर जाता जाता बंद पडली.
आजारी म्हातारीचा प्रभुभोज राहून गेला.

रात्री हा उठला.
मला वाटलं, तहान लागली असेल.
पहाटे आमच्या नावेच्या पाठीला
चार बोल्टांची भोकं,
आणि वाळूत तेलाचा ओघळ
पाळकांच्या धक्क्याकडे गेलेला.

आता वल्ही मारतो.
ऊन चढल्यावर परततो,
निम्मीच मासळी घेऊन.
जेवताना तळहाताचे फोड लपवतो.
मीही कालवणात मीठ जरा कमीच घालते,
काही ठाऊक नसल्यासारखी.