दोनशे सोळा कमच्या

लाखांदूरकडे जाताना उजव्या हाताला मामा तलाव.
पाळीवर सखरू नान्हे, विडी न पेटवता बसलेला.
"हे कोनती मासोरी धरते जी?"
कोणतीच नाही, मी म्हणाले.
हे लाटेला धरतं. धरतही नाही, जरा थांबवतं.

गुडघाभर पाणी, मार्गशीर्षातलं, हाडात शिरणारं.
देवधानाची वाळकी ताटं बाजूला सारून
गोल रोवलेल्या कमच्या,
पार्बताबाईनं सोलून दिलेल्या, आठ जाडीच्या,
सुईपासून करंगळीपर्यंत.
वर्तुळाच्या आठ फोडी.
पहिलीतून लाट निघते तशीच,
दुसरीतून आठवा हिस्सा उशिरा,
तिसरीतून आणखी तेवढीच,
अशी उधारी वाढत वाढत
पुन्हा पहिलीपाशी येऊन फिटते,
कारण अख्ख्या एका लाटेचा उशीर
म्हणजे उशीर नाहीच.

हे पार्बताबाईला माझ्याआधी कळलं.
टोपलीच्या बुडाला वीण अशीच सरकते, म्हणाली,
एक घर सोडत, एक घर सोडत,
अन् मग आपलंच घर येते.

भोवती बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव,
तीन दोऱ्यांवर टांगलेली,
ट्रॅक्टरच्या बॅटरीवर खाली-वर,
सेकंदाला पाच वेळा.
धाव जागच्या जागी. धावते ती लाट, आतल्या बाजूला.

तीन दिवस नुसती घुसळण.
चौथ्या दिवशी सखरू पाण्यात उतरला.
माझी आकृती त्यानं पाहिली नव्हती.
मान तिरकी करून उभा राहिला, बराच वेळ.
"पाचवीत चवथीच्या काड्या गेल्या, बाई."
गेल्या होत्या. सात.

मग आत
लाट काट्यासारखी वळू लागली,
आणि मधोमध शिंगाड्याच्या टरफलाएवढी एक जागा
हलेचना.
आठही दिशांचं वर आणि खाली
तिथं एकमेकांना खोडत होतं.
एक टरफल कडेला सोडलं, ते फेरी घालायला निघालं.
दुसरं मध्याला खेटून, ते स्वतःभोवतीच.

"पानी फिरते?"
नाही. पाणी आपल्या जागी, वर-खाली.
"मंग का फिरते?"
वहीत त्याला नाव आहे: कोनीय संवेग.
मोठ्यानं म्हटलं तर बगळा उडेल असं.
मी म्हणाले, उशीर फिरतो.
तो हसला नाही.
"उशीर फिरते," म्हणाला, आणि विडी पेटवली.

कमच्यांचा क्रम उलटा केला की उलटं फिरेल,
ते उद्या.
बॅटरी काढून आम्ही घरी गेलो.

सकाळी धुकं. धाव गप्प.
आणि त्या न हलणाऱ्या जागी,
लाटच नव्हती, म्हणजे ती जागाही नव्हती खरं तर,
तिथंच एक बोटरी उभी,
शेपटाचं टोक तेवढं हलवत.
"पाहा," सखरू म्हणाला, "धरते ना जी."

मी वहीत तारीख टाकली.
त्याखालचं पान अजून कोरं आहे,
पाण्याच्या एका डागाशिवाय.