आठ बाय आठ

रात्रपाळी संपवून येते तेव्हा
कान अजून वाजत असतात,
मॅडम, जनकगंज में लाइट कब आएगी.
चहा टाकते. कॉम्प्युटरवर चौकटी उघडते.
आठ आडव्या, आठ उभ्या.
एवढ्यात एक माणूस बसवायचाय.

बाथमजींना बसवलं.
आमचे लाइनमन, तोंडात टेस्टर धरून खांबावर चढतात.
टेस्टरचा झाला एक पिवळा ठिपका.
रंग तीनच, चौथा आरपार.
पाय काढताना जागा संपली,
म्हणून डावा पाय एका चित्रात, उजवा पुढच्या,
भराभर दाखवले की माणूस चालतो.
ऑफिसात प्रिंट दाखवली तर म्हणाले,
"इतना मोटा हूँ क्या मैं?"
पोटावरचा एक ठिपका पुसला.
चौसष्टातला एक. माणूस खूश.

यंत्र जुनं, राखाडी डब्याचं,
दादाने सातवीत मेळ्यातून हट्टाने घेतलेलं.
आता तो हैदराबादला, डबा माझ्याकडे.
डब्याची अट अशी की एका आडव्या रेषेत
आठ आकृत्या दिसतात, नववी नाही.
माझ्या खेळात तारेवर माकडं नऊ.
नववं दिसायचं नाही, पण चावायचं.

यावरचा उपाय मला कुणी शिकवावा लागला नाही.
जनकगंज दोन ते चार, माधवगंज चार ते सहा,
अंधार सगळ्यांना थोडा थोडा वाटायचा.
आता माकडं पाळीपाळीने लुकलुकतात
आणि कुणाचीच तक्रार येत नाही.

माझा मजकूर यंत्राच्या भाषेत नेणारा असेंबलर
कुणी केला, ठाऊक नाही.
फुकट दिलाय. सोबत एक ओळ,
चुकलं तर कळवा.
तो मला रोज कळवतो.
ओळ चारशे बारा, हे नाव मी ऐकलेलं नाही.
बरोबरच आहे त्याचं. मी खांबाला खंबा लिहिलं होतं.
इथे राहून असं होतं.

अक्षरांचा संच आयता मिळाला, देवनागरी,
कुणीतरी कानपूरहून केलेला, नीटस.
सगळी अक्षरं होती. ळ नव्हता.
त्याला लागलाच नसेल कधी.
गॅसच्या पुस्तकावर आम्ही पिंगले,
मीटरवर पिंगले, माझ्या पगाराच्या चिठ्ठीवरही.
बाबा दोनदा अर्ज करून आले, मग थांबले.

शिरोरेघ एक ओळ खाते, उरतात सात.
पहिला ळ चष्म्यासारखा आला,
दुसरा आडव्या पडलेल्या आठासारखा,
तिसरा बरा होता, पण ठ वाटला.
चौथ्याला दोन पोटं नीट बसली,
मधे एक ठिपका श्वासापुरता.
सोळा बाइट. पिंगळे.
नाव पडद्यावर आलं
आणि मी बराच वेळ खेळ सुरूच केला नाही.

चिप एकदा भरली की पुसायला दिवा लागतो, निळा, महाग.
चिपच्या पाठीवर काचेची बारकी खिडकी असते,
तिथून ऊन आत गेलं तरी चालतं,
आठवडाभर लागतो.
ग्वाल्हेरच्या मे महिन्यात उन्हाची कमतरता नाही.
गच्चीवर ताटलीत चार चिपा मांडल्या,
मिथलेश भाभी कठड्यावरून म्हणाल्या,
"ये क्या सुखा रही हो?"
"गलतियाँ," मी म्हटलं.
त्यांना वाटलं, काही औषध असेल.

पुसलेली चिप रिकामी नसते, हे मला उशिरा कळलं.
आत शून्य नाही, सगळीकडे एक.
भरायचं म्हणजे हव्या त्या जागचे
दिवे घालवायचे.

काल सगळं जुळलं. कॅसेट खोचली,
खिडकीवर काळी चिकटपट्टी.
बाबांना खुर्चीत बसवलं, हातात बटणं दिली.
पिंगळे, असं त्यांनी मोठ्याने वाचलं.
बाथमजी तिसऱ्या खांबापर्यंत गेले
आणि लाइट गेली.

आपल्याच ऑफिसला फोन लावला.
नवीन पोरगा होता, आवाज ओळखला नाही.
नाम?
पिंगळे.
हाँ जी, लिख लिया, पिंगले.
किती वेळ लागेल, मी विचारलं नाही. मीच सांगते रोज.
बाबांच्या हातात बटणं तशीच.
अंधारात ते दाबत राहिले, उजवीकडे, उजवीकडे.