नदीचं पान

शनिवारी हमालांचा पगार वाटून झाला
की वखारीचं शटर कमरेपर्यंत ओढायचं
आणि दोन बोदं जोडून डाव मांडायचा.
निपाणीच्या उन्हाची एक पट्टी तेवढी आत यायची.
पैसे नाहीत. पणाला बिड्या,
ज्या आमच्यात फक्त दस्तगीर ओढतो.

मी हिशेबनीस. माझ्याकडे पुस्तक होतं,
बेळगावात, खडेबाजारात, किलोवर घेतलेलं, इंग्रजी.
आधीच्या मालकानं पेन्सिलीनं रेघा मारलेल्या
चाळिसाव्या पानापर्यंत.
तिथं तो कंटाळला असेल,
नाहीतर जिंकायला लागला असेल.

नेमगोंडा आण्णा पत्त्यांचा कोपरा एकदाच उचलायचे.
चाळीस वर्षं तंबाखूची प्रत लावणारा माणूस:
पान चुरगळून नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे,
"ही अक्कोळची. पाणी उशिरा दिलंय."
तेवढ्यावर व्यापारी चेक फाडायचे.
डावातही तसंच. माझ्या दिशेनं हुंगल्यासारखं करून
म्हणायचे, "पोरी, तुझ्याकडं काय न्हाई बघ."
आणि नसायचंच.

मी मोजायचे.
दोन किलवर हातात, दोन बोदावर, उरले नऊ,
अजून दोन पत्ते यायचेत,
नऊ चोक छत्तीस. छत्तीस टक्के.
जिंकले की पुस्तक जिंकायचं,
हरले की मी.

"काय लिवलंय गा त्यात? वाच की,"
एकदा आण्णाच म्हणाले.
मी इंग्रजीचं मराठी करायचे,
दस्तगीर त्याचं कानडी, शिवबसूसाठी,
जो चिकोडी गाडीचा कंडक्टर, सुट्टे मोजण्यात पटाईत.
प्रत्येक भाषेत शक्यता जराजरा कमी होत गेली.
चौथ्या पत्त्याला वळण म्हणतात, मी सांगितलं,
पाचव्याला नदी.
आण्णा हसले: "वळणाआधी नदी पायजे की.
वेदगंगा बघितली न्हाई वाटतं त्या मास्तरनं."

पण ऐकत राहिले.
चार शनिवार. पाच.
मग ते कोपरा दोनदा उचलायला लागले.
अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायचा,
ओठ हलायचे, सतरा, सतरा चोक…
त्यांच्यापुढच्या बिड्या दस्तगीरपुढं गेल्या,
दस्तगीरच्या छातीत.

एका सोमवारी मी पावती पुस्तक घेऊन उभी होते.
व्यापारी कोल्हापूरचा, घाईतला.
आण्णांनी पान चुरगळलं, नाकाशी नेलं,
डोळे मिटले. उघडले. परत मिटले.
"ही अक्कोळची," म्हणाले,
"किंवा… सौंदलग्याची."
किंवा.
त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.
व्यापाऱ्यानं घड्याळ बघितलं.

त्या शनिवारी मी पुस्तक काढलं
तर शिवबसूच बोलला, "साकु, अक्का."
मी ते चलनांच्या खणात टाकलं.
आण्णा काही बोलले नाहीत.
तेही पुस्तकात आहे, गप्प बसणाऱ्याबद्दल,
एक अख्खं प्रकरण.

पुढं बऱ्याच महिन्यांनी,
माझ्या हातात दोन राजे, बोदावर तिसरा.
पुस्तक म्हणालं असतं, वाढव, बाई, विचार कसला करतेस.
समोर आण्णा. कोपरा एकदाच उचललेला.
नाकपुडी हलली, की माशी होती,
की मलाच हलायला हवी होती,
सांगता येत नाही.
मी राजे पालथे टाकले.

"का गा टाकलीस?"
"म्हाईत न्हाई, आण्णा."
त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं,
हुंगल्यासारखं नाही, नुसतंच.
मग आपली दोन पानं न दाखवता
गड्डीत सारली आणि पिसायला लागले.

शटर वर गेलं. बोदं जागेवर गेली.
मी खातं बंद करून हात धुवायला निघाले,
आणि का कोण जाणे, आधी बोटं हुंगून बघितली.
तंबाखू होती.
कुठल्या गावची, ते कळलं नाही.