पाण्याचा पापुद्रा

भोसरीत, सेक्टर दहाच्या मागच्या गल्लीत
आमचा गाळा. बाहेर बोर्ड नाही,
नुसतं निळं शटर, आणि आत
माझ्या उंचीची स्टीलची पिंपं येतात
पोटाला भोकं असलेली.
पाषाणच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत जाणार.
तांबोळी साहेब म्हणतात, यातली हवासुद्धा काढून घेतात.
म्हणजे आत काहीच ठेवायचं नाही
आणि त्या काहीच-नाहीसाठी
मी अकरा वर्षं घासतेय.

चकचकीत म्हणजे स्वच्छ नव्हे,
हे पहिल्याच आठवड्यात कळलं.
आरशासारखं दिसतं, आणि त्यावर
लेथचं तेल असतं, बफिंगचं मेण,
कुणाच्या डब्यातला शेंगदाणा,
कपाळ पुसून तसाच टेकलेला हात.
धुण्याआधी मी एकदाच तोंड जवळ नेते
आणि हाः करते.
वाफ धरते. बोटं वर येतात.

अंगठ्याला आडवी चीर, तो ठसा खंडागळ्यांचा.
टिग वेल्डिंग त्यांचं. शिवण अशी
की नखाला अडू नये.
हातमोज्यांचा त्यांना रागच:
बाई, हात लावल्याशिवाय कळतं होय?
मी म्हणायचे, तुमचं कळणं मला धुवावं लागतं, काका.
दर पिंपाला हेच भांडण.

मग अल्कलीचं पाणी, साठ अंशाचं.
तेल सुटतं, दुधाळ होतं.
वरून खाली धुवायचं, खालून वर कधीच नाही.
मग ते गाळलेलं पाणी, ज्याला चवच नसते.
मग ॲसिटोन. मग आयपीए.
फडकं एकदा फिरवलं की संपलं,
तेच परत फिरवलं तर घाण जात नाही,
बिऱ्हाड बदलते.
नव्या पोरानं, ऋतुराजनं, एकदा घाईत
संडासाचं ब्लीच ओतलं आणि गेला घरी.
सकाळी स्टीलला देवी आल्यासारखे खड्डे.
घाण नव्हती राहिली. पिंपही नव्हतं राहिलं.

शेवटी पाण्याची परीक्षा.
उभ्या भिंतीवरून पाणी सोडायचं
आणि मनात तीस मोजायचे.
पापुद्रा अखंड उतरला तर पास.
कुठे फाटला, कडा मागे सरकली, मणी झाले,
तर तिथे कुणीतरी अजून आहे.

मार्चमधल्या पिंपात पाणी फाटत होतं
एकाच जागी, फ्लँजच्या आतल्या बेचक्यात.
तीनदा धुतलं. चौथ्यांदा मी
धुतल्यावर जे करायचं नसतं ते केलं:
हाः.
आडवी चीर.
खंडागळे फेब्रुवारीतच गेले होते,
नाशिक फाट्यावर, सेकंड शिफ्ट सुटल्यावर.
हा ठसा वेल्डच्या आचेनं भाजून
तिथेच बसून राहिलेला.

तांबोळी साहेबांनी घड्याळ पाहिलं.
टेम्पो साडेचारचा.
मी मोजे बदलले. फडक्याला ॲसिटोन घेतलं.
एकाच दिशेनं, दाबून.
मोज्यातूनही गार लागलं, आणि उडून गेलं.
पाणी सोडलं. तीसपर्यंत फाटलं नाही.
तरी मी चाळीसपर्यंत मोजत राहिले.
साहेब काही बोलले नाहीत.

शनिवारी रेशनच्या दुकानात
मशीन माझा अंगठा घेत नाही.
परत ठेवा. ओला करा. दुसरं बोट बघू.
मोजे काही रोज नवे मिळत नव्हते
सुरुवातीची वर्षं.
मागची रांग चुळबुळते.
मी अंगठ्यावर हाः करते, पुसते, ठेवते.
लाल दिवा.
दुकानदार म्हणतो, ताई, तुम्ही आहात ना नक्की?
आणि स्वतःच हसतो.

रात्री भांडी. ताटावरून नळाचं पाणी उतरतं
आणि फाटतं,
लोणचं होतं तिथे, लेकीनं बोट फिरवून चाटलेलं तिथे.
मणी थरथरत उभे राहतात.
साबण हाताशीच आहे.
मी ताट तसंच पालथं घालते.