पान्हा

साओ जोर्जच्या कड्यावर, हायड्रेंजियाच्या कुंपणापलीकडे
मी रोज पहाटे मल्यादाची धार काढते.
चौदा वर्षं. हात चुकत नाहीत.

त्या फेब्रुवारीत सदऱ्यावर दोन ओले डाग दिसले
तेव्हा वाटलं, बादलीतून उडालं असेल.

पाळी दोन वर्षं नव्हती. कूसही रिकामी.
आणि दूध.
आईनं काही न विचारता लोकर आणली, पिवळी.
एक मोजा अर्धा विणून झाला
तोवर मी बोटीनं तेर्सेइराला जाऊन
त्या खडखडत्या नळीत डोकं घालून आले.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं:
नाकाच्या मुळामागे, डोळ्यांच्या नसांखाली,
मसुराच्या दाण्याएवढं काहीतरी.
तेवढ्यानं
अख्ख्या देहाला बाळंतीण ठरवलं होतं.

आता सोमवारी नि गुरुवारी अर्धी गोळी,
पावाच्या तुकड्याबरोबर, झोपायच्या आधी;
तरी उठताना घर बोटीसारखं कलतं,
आणि मळमळतं ते नेमकं दुधाच्या वासानं.
चीजच्या कारखान्यात कुणाला सांगू हे?

मोजा तसाच आहे, सुया खुपसलेला.
आई तो उसवत नाही, पुरा करत नाही.

जूनमध्ये पाळी आली. गोठ्यातच.
मी खाली बसले, शेणात,
हसत होते की काय कोण जाणे.

वासरू विकलं की मल्यादा पान्हा चोरते.
मी तिची कास थोपटते, शिव्या घालते.
काल नाही घातल्या.
म्हटलं, चोर बाई.
मला तर त्यासाठी औषध लागलं.